तळणाचं तेल: सोयाबीन की सरकी?

फोडणीपुरतं विचाराल तर घरात असेल ते तेल चालतं. दोन मिनिटं तापतं, भाजीत जातं, संपलं. प्रश्न येतो तळणात. पोळ्याचे वडे झाले, कढईत पाऊण लिटर तेल उरलं आणि चार दिवसांनी तेच भज्यांसाठी चुलीवर चढलं, की फरक नाकाला कळतो.

शेंगदाणा यात धरला नाही. तो दोन्हींपेक्षा टिकाऊ, पण त्याचा भाव पाहता कढई भरून ओतवत नाही.

सोयाबीनची अडचण म्हणजे लिनोलेनिक आम्ल. तेल ज्या स्निग्धाम्लांचं बनतं त्यातलं हे एक, सोयाबीनमध्ये साधारण 7 टक्के. हवेतला प्राणवायू हेच सगळ्यात आधी ओढून घेतं. जवसाच्या तेलात ते निम्म्याच्या आसपास असतं, म्हणून लाकडाला चोळलेलं जवसाचं तेल सुकून पापुद्रा धरतं. कढईत तोच प्रकार लहान प्रमाणावर चालतो. आधी पेरॉक्साइडं, म्हणजे प्राणवायू धरलेली कच्ची संयुगं, बनतात. तळणाच्या 170–180 अंशांना ती तग धरत नाहीत, फुटतात आणि त्यातून अल्डिहाइडं नावाची उग्र वासाची द्रव्यं निघतात. वास येतो तो त्यांचा. पहिल्या घाण्याला काही कळत नाही. दुसऱ्यांदा तापवलं की मासळीसारखा, ओल्या रंगासारखा वास सुटतो, आणि तिसऱ्यांदा तो भज्यातच उतरतो. बाकी सगळं चालवून घेता येतं, हा वास नाही.

सरकीत लिनोलेनिक नावालाच, त्यामुळे आमच्या कढईत तरी तो वास तिसऱ्या तळणालाही आला नाही. म्हणून सरकी बिघडतच नाही असं नाही. लिनोलेइक आम्ल (नाव जवळचं, आम्ल वेगळं; हवा यालाही लागते, पण सावकाश) तिच्यातही निम्म्याच्या वर आहे, सोयाबीनइतकंच, आणि कढईच्या काठावर तपकिरी चिकट थर तीही धरते. मात्र पामिटिक हे तिसरं स्निग्धाम्ल पावशेराच्या हिशेबात, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. त्याला हवा सहजी लागत नाही. त्यापायीच पौषाच्या थंडीत सरकी गढूळ होते, कधी तळाशी गोठते. ते तेल खराब नसतं, डबा उन्हात ठेवला की निवळतं. सरकी घ्यायची ती रिफाइंडच. कच्च्या तेलात गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य असतं, ते पोटात जाऊ नये.

तेल कोणतंही असो, कल्हई उडालेल्या पितळी कढईत तळू नका. तांबं लागलं की तेल झपाट्यानं खवटतं. पसरट कढईपेक्षा खोलगट बरी, हवा कमी लागते. वडे ओले सोडले तर पाण्यानं तेलाचे रेणू फुटून त्यातलं आम्ल सुटतं आणि धूर लवकर येऊ लागतो. तळण झालं की तेल कोमट होऊ द्या, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि स्टीलच्या डब्यात गळ्यापर्यंत भरून अंधारात ठेवा. जळका गाळ राहिला तर गाळण्याचा उपयोग नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 पासून लागू असलेल्या नियमानं ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडताना साठणारी द्रव्यं, 25 टक्क्यांवर गेलेलं तेल बाद ठरतं. घरी ते मोजणार कोण? फेस बसेना, झाऱ्यावरून तेल तारेसारखं ओघळू लागलं किंवा भजे टाकण्याआधीच धूर आला, की ते टाकायचं. त्यात नवं ओतून जुनं सुधारत नाही, उलट नवंही लवकर जातं.

एकदाच तळून उरलेलं दोन दिवसांत फोडणीला संपणार असेल, तर सोयाबीन खुशाल आणा. सणासुदीला कढई आठवडाभर चढती राहणार असेल, तर डबा सरकीचा बरा.