ऑइल तपासणीचे तीन रिपोर्ट आणि दोनशे चाळीस रुपयांचा फिल्टर

अडीच वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, माझी टर्बो पेट्रोल गाडी इंजिन ऑइल पीत नाही. डिपस्टिक ओढावी तर पातळी जिथल्या तिथे. फेब्रुवारीत ओढली तेव्हा ती वरच्या खुणेच्याही अर्धा इंच वर. ऑइल कमी होतं हे ठाऊक होतं, वाढतं कसं? टिश्यूवर पुसून नाकाशी नेलं तर थेट पंपावर उभा असल्यासारखा वास.

म्हणून सर्व्हिसच्या वेळी गरम इंजिनचं ऑइल सोडताना पहिली धार जाऊ दिली, मधल्या धारेतलं शंभर मिली कोऱ्या बाटलीत धरलं आणि लॅबला कुरिअर केलं. या लॅब मुख्यतः जनरेटर, ट्रक आणि पोकलेनवाल्यांसाठी चालतात. फोनवरच्या माणसाने विचारलं, "साहेब, गाड्या किती आहेत?" म्हटलं, एकच. १,९५० रुपये, कुरिअर वेगळं.

रिपोर्ट आला. ऑइलवर चाललेलं अंतर ९,८०० किमी. झिजेतून ऑइलमध्ये आलेलं लोखंड ३१ पीपीएम (दहा लाखांत ३१ भाग), अ‍ॅल्युमिनियम ९, तांबं ५, शिसं १, सिलिकॉन ४१. शंभर अंशाला व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) ८.६ सेंटिस्टोक. मी फक्त शेवटचा आकडा पाहिला आणि पेटलो. माझ्या ऑइलचा ग्रेड ५डब्ल्यू-३०, म्हणजे शंभर अंशाला किमान ९.३ हवी, ८.६ तर २० ग्रेडमध्ये जाते. सर्व्हिसवाल्यांनी बॅरलमधलं भलतंच पातळ ऑइल ओतलं याची मला खात्री झाली. काउंटरवर आवाज चढवला. मॅनेजर बिल पुढे करत म्हणाला, "सर, कंपनीचंच ऑइल आहे." एक तारा देऊन घरी आलो.

मग हट्टाने त्याच ऑइलचा सीलबंद डबा घेतला आणि कोऱ्या ऑइलचीही तपासणी करून घेतली. आणखी १,९५०. झिंक, फॉस्फरस, कॅल्शियम, मॉलिब्डेनम, सगळे जवळपास जुळले. म्हणजे ऑइल तेच होतं. मग रिपोर्टच्या खालच्या ओळी वाचल्या, ज्या आधीच वाचायच्या होत्या: इंधन ४.८ टक्के, फ्लॅश पॉइंट (ऑइलची वाफ ठिणगीने पेटते ते तापमान) १६० अंश. कोऱ्याचा फ्लॅश पॉइंट २२० च्या वर होता. ऑइल पातळ कोणी ओतलं नव्हतं, पेट्रोलने केलं होतं. माझ्या गाडीसारख्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असलं की न जळलेलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापून बराच वेळ चाललं तर ते उडून जातं. माझं घर मोशीत, कंपनी भोसरी एमआयडीसीत. ऑइल तापायच्या आत पार्किंग येतं. 'ऑइल पीत नाही' म्हणून मिरवत होतो ते यामुळे: जितकं जळत होतं त्याची भरपाई पेट्रोल करत होतं.

माफी मागायला तोंड नव्हतं. एकाचे चार तारे मात्र गुपचूप केले. पाचवा कॉफीसाठी राखून ठेवलाय.

आता मधे टर्बोची भीती. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, तिथे पातळ ऑइल आणि त्यात तांबं ५, म्हणजे त्याचं बेअरिंग तर झिजत नाही ना! झोप उडाली. ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं की ५ म्हणजे काहीच नाही. शिवाय लॅबचं हे यंत्र काही मायक्रॉनपर्यंतचेच कण पाहतं, मोठा तुकडा त्याला दिसतच नाही; तो पाहायचा तर ऑइल फिल्टर कापून बघ. मी घरी हॅक्सॉने कापला. कागदाच्या घड्या उलगडल्या तर सगळीकडे चमचम. हात थरथरले. मेकॅनिकला फोटो पाठवला, तो पाच मिनिटं हसत होता: "अहो, ती तुमच्या हॅक्सॉची बुकणी आहे." फिल्टर कापायचं कटर वेगळं असतं. त्याने दुसरा कापून दाखवला. त्यात नुसती काजळी.

दुसरा रिपोर्ट ५,००० किमीला काढला. लोखंड ३१ वरून १७! मी खूश. पण भाचा म्हणाला, "मामा, हजार किलोमीटरला भाग." भागलं. आधी ३.२, आता ३.४. झीज तसूभरही कमी नव्हती, फक्त मी अर्ध्या वाटेत मोजलं होतं. सिलिकॉन तर ४.२ वरून ५.२. लवकर ऑइल बदलण्याचे पैसे गेले ते गेलेच.

सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. नव्या इंजिनात सीलंटमधूनही येतं, पण माझी गाडी आता नवी राहिली नव्हती. अंगणात एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टरच्या पुढे, इंजिनकडच्या स्वच्छ बाजूच्या नळीत बोट फिरवलं. बोटाला मोशीची बांधकामांची करडी धूळ, जात्याखालच्या पिठासारखी मऊ. एअर फिल्टर मी स्वतःच बसवला होता. मूळचा ६१० चा, हा बाहेरून २४० ला आणला. रबरी कडेवर दाबल्याची खूण तीन बाजूंना स्पष्ट, चौथ्या कोपऱ्यात नाहीच. तिथून धूळ फिल्टरला वळसा घालून आरामात आत जात होती आणि रिंगा घासत होती. आणि मी ३७० रुपये वाचवले होते.

मूळचा फिल्टर बसवून ५,२०० किमीला तिसरा रिपोर्ट: लोखंड ९, सिलिकॉन ११. भागून १.७ आणि २.१. माझ्यासाठी बाकीचा सगळा रिपोर्ट एकीकडे आणि हा सिलिकॉनचा आकडा एकीकडे.

तपासणी घ्यावी का? एकच करणार असाल तर नको. एकट्या रिपोर्टने मी फक्त भांडलो. दोन-तीन घ्यायची तयारी असेल, हजाराने भागणार असाल आणि कोऱ्या ऑइलचे आकडे हाताशी असतील, तर घ्या. माझे चार तपासण्यांचे ७,८०० झाले.

इंधन २.६ वर आलंय, ऑइल पाच हजाराला बदलतोच. उरलेलं पेट्रोल उडवायला दर रविवारी चाकण-मंचरवरून नारायणगावला जाऊन येतो, शंभरावर किलोमीटर, आणि येताना टोमॅटो आणतो. बायको म्हणते, मोशीच्या उपबाजारात ते चार रुपयांनी स्वस्त आहेत.