क्रेन, गाद्या, विमा की एक थर कमी? नव्या गोविंदा पथकाने पैसे कुठे घालावेत

गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून सराव सुरू झाला की नव्या पथकापुढे हा प्रश्न हमखास येतो. वर्गणीतून जमलेले पैसे थोडे, आणि सुरक्षेसाठी सुचवणारे दहा. मुंबई-ठाण्यातली पथकं डोळ्यासमोर ठेवून माझं मत मांडतो.

दिसायला सगळ्यात भक्कम उपाय क्रेनच्या दोराचा. वरच्या पोराच्या अंगाला बेल्ट, डोक्याला हेल्मेट आणि दोर थेट क्रेनला. थर कोसळले तरी ते हवेत लटकतं आणि अलगद खाली येतं. त्याच्या आईला याहून मोठा दिलासा नाही. पण दोर एकालाच असतो. मधले थर कोसळतात ते खालच्या पोरांच्या मानेवर आणि पाठीवर. शिवाय क्रेन असते ती हंडीच्या दिवशी, आयोजकाच्या मैदानात. त्याआधी महिनाभर चाळीच्या पटांगणात रात्री सराव चालतो, तिथे ती नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला सरावातच वरून पडून एका लहान मुलाचा जीव गेला. म्हणून दोर आयोजकाकडे मागा, तो नसेल तर सलामी न देता पुढची हंडी गाठा. पथकाचे पैसे मात्र त्यात घालू नका.

ते घालावेत सरावाच्या गाद्यांत. जिम्नॅस्टिकला वापरतात तशा जाड गाद्या एकट्या पथकाला परवडत नाहीत, पण शेजारच्या तीन-चार पथकांनी मिळून घेतल्या आणि सरावाचे वार वाटून घेतले तर जमतं. जवळच्या व्यायामशाळेला किंवा शाळेला विचारा, दोन महिन्यांसाठी त्या उसन्याही मिळू शकतात. एक काळजी घ्या: खालच्या थराच्या पायाखाली मऊ गादी नको. पाय रुततो आणि अख्खा मनोरा डुलतो. बेस टणक जमिनीवर, गाद्या भोवतीने. आतल्या आत कोसळणाऱ्यांना त्यांचा उपयोग कमी, हेही खरं.

विमा उतरवाच, पण त्याला सुरक्षा समजू नका. राज्य सरकारने २०२२ मध्ये गोविंदाचा मृत्यू झाल्यास १० लाख रुपये जाहीर केले. ते घराला आधार देतात, मणका परत देत नाहीत. सरावातला अपघात विम्यात धरला आहे का, हे आधी वाचून घ्या.

उरली उंची, आणि इथे एक पैसाही लागत नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये ती उठली, वयाची अट मात्र किमान १४ वर्षांची ठरली. म्हणजे किती थर लावायचे हे आता पथकानेच ठरवायचं. २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लागले तेव्हा उंची ४३.७९ फूट भरली होती. एक थर म्हणजे साधारण पाच फूट. ती पाच फुटं कमी केली की वरून येणारा जोर घटतो आणि खालच्यांवरचं एका थराचं वजनही. बक्षीस जाईल, पोरं नाराज होतील, हे मला माहीत आहे. तरी माझा आग्रह असा की जो थर सरावात शिस्तीत उतरवता येत नाही, तो हंडीला लावूच नये. चढण्याचं कौतुक सगळे करतात, पडझड बऱ्याचदा उतरताना होते.

अजून एक गोष्ट, जवळपास फुकट. वस्तीतल्या डॉक्टरांना एका सरावाला बोलवा. पडलेल्याला हातापायाला धरून उचलणं ही आपली जुनी सवय. मानेला इजा असेल तर तीच घात करते. मान न हलवता त्याला जागीच ठेवायचं, भोवतीची गर्दी मागे सारायची आणि १०८ ला फोन करायचा, एवढं पथकातल्या पाच-सहा जणांना शिकवून ठेवा. फोन कोण करणार हे आधीच नेमून द्या.