लेकीसाठी घेतलेली आगगाडीच्या प्रवासाची चित्रपुस्तकं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं घर कोल्हापुरात, टेंबलाईवाडीकडं. रात्री जेवणं होईपर्यंत गाडीचा भोंगा ऐकू येतो आणि लेक ताट सोडून गॅलरीत पळते. ती तीन वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी आगगाडीच्या प्रवासाची पुस्तकं घ्यायला लागलो. आता ती पावणेचार वर्षांची आहे. आठ महिन्यांत पाच पुस्तकं विकत घेतली, काही गोष्टी छापून आणल्या. रोज रात्री वाचतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं जाड पुठ्ठ्याचं, खाली फिरती चाकं असलेलं. दुकानात तिनं ते हातातनं सोडलंच नाही. तीन आठवडे फरशीवरनं पळवलं आणि एक चाक निघालं. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळं ते चाक बसवलंय कसं हे आधी बघितलं. प्लॅस्टिकची खिळी नुसती पुठ्ठ्यात दाबलेली, मागं वॉशर नाही. चाक रुपयाच्या नाण्याएवढं, म्हणजे बारक्या पोराच्या घशात अडकेल असं. उरलेली तिन्ही चाकं त्याच दिवशी काढून टाकली. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर असलं पुस्तक कृपा करून घेऊ नका. चाकं गेल्यावर त्यात बघायलाही काही उरलं नाही. आठ पानं, आठ रंगांचे डबे, प्रवास कुठंच नाही.

दुसरं परदेशी पुस्तकाचं मराठी भाषांतर. चित्रं देखणी आहेत, पण यमक जुळवायच्या नादात ओळी इतक्या अडखळतात की मोठ्यानं वाचताना माझीच जीभ वळेना. खिडकीबाहेर बर्फ. लेकीनं दोनदा ऐकलं आणि बाजूला ठेवलं. तिसरं माहितीचं, प्रत्येक चित्राला दहा-बारा नावं चिकटवलेली. सहा-सात वर्षांच्या मुलाला उपयोगी पडेल. आमच्याकडं ते सध्या कपाटात आहे, पण त्यानं एक मोठा धडा दिला.

त्यात वाफेच्या इंजिनाची चाकं जोडणारा दांडा चाकांच्या बरोबर मध्यात जोडलेला दाखवलाय. तसा जोडला तर एक चाक दुसऱ्याला फिरवूच शकत नाही. मी दोन झाकणं घेतली, आइसक्रीमची काडी घेतली, आधी मध्यावर टाचणी मारली आणि तिला फिरवायला दिलं. एक झाकण फिरलं, दुसरं जागचं हललं नाही. मग टाचण्या कडेला मारल्या. काडी वरखाली व्हायला लागली आणि दोन्ही झाकणं एकदम फिरली. तासभर तिनं तेच केलं. चूक छापली म्हणून पुस्तकावर राग आहेच. लहान मुलांसाठी काढतो म्हणून काहीही काढलं तरी चालतं, हा समज चित्रकारांनी सोडायला पाहिजे. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूनं उंच कड असते, तिला आम्ही फ्लँज म्हणतो. ती चाकाला रूळ सोडू देत नाही. रुळावर टेकणारा भागही सपाट नसतो, २० ला १ असा निमुळता असतो, म्हणून वळणावर गाडी आपसूक सावरते. पाच पुस्तकांपैकी दोनातच ही कड काढलीय, बाकीच्यांत बैलगाडीची चाकं आहेत. स्टेशनवर माझ्या खांद्यावर बसून लेक बोट दाखवत म्हणाली, "पप्पा, कड हाय बघा." मुलं बघतात.

आता चौथं, सगळ्यात जास्त वाचलेलं. त्यात एकही शब्द नाही. एकच डबा, समोरासमोरची दोन बाकं आणि मधे खिडकी. पान उलटलं की माणसं बदलतात, खिडकीबाहेरचं बदलतं, उजेड बदलतो. पहिल्या महिन्यात ती फक्त कुत्रं आणि केळी शोधायची. दुसऱ्या महिन्यात एके रात्री पानावर हात ठेवून थांबली. मागच्या पानावर पाटीत कोंबडी घेऊन बसलेला म्हातारा या पानावर नव्हता. "आजोबा उतरलं," असं म्हणून ती मागं गेली, पुन्हा पुढं आली, आणि बाकाखाली पडलेलं एक पीस तिला सापडलं. मला ते तोवर दिसलं नव्हतं. त्या रात्रीपासनं प्रत्येक माणूस कुठं चढला आणि कुठं उतरला हे ती सांगते, रोज नवीन. म्हातारा कधी रुकडीला उतरतो, कधी जयसिंगपूरला.

अजून एक. ती इकडच्या बायकांसारखं "मी जातो, मी बसतो" असंच बोलते. छापील पुस्तकातली मुलगी "मी खिडकीत बसते" म्हणाली की आमची लेक तिथंच थांबवून "बसतो" अशी दुरुस्ती करते. बिनशब्दांच्या पुस्तकात डब्यातली सगळी माणसं तिच्याच बोलीत बोलतात. ते ऐकताना मला फार बरं वाटतं.

पाचवं घडीचं. उलगडलं की सहा फुटांची गाडी होते. एका बाजूला दिवस, दुसऱ्या बाजूला रात्र. सोप्याच्या दारापासनं गॅसच्या टाकीपर्यंत ती अंथरते आणि गुडघ्यावर चालत इंजिनापासनं शेवटच्या डब्यापर्यंत जाते. पानाच्या पुस्तकात गाडी तुकड्यातुकड्यांत दिसते, इथं अख्खा प्रवास एकदम पायाशी असतो. वाईट एवढंच की घड्या कागदाच्याच आहेत. चौथ्या महिन्यात दोन फाटल्या. बाईंडिंगवाल्याकडची कापडी टेप दोन्ही बाजूंनी लावली, ती अजून धरून आहे. विकत घ्याल तर पहिल्याच दिवशी टेप लावा.

छापून आणलेल्या गोष्टी प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरच्या. २०१५ पासनं चालू आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणं लावलेल्या, आणि फुकट उतरवून घेता येतात. मुक्त परवाना असल्यामुळं छापायलाही अडचण नाही. जाड कागदावर छापून मधे पिना मारा. पुस्तकावर चारशे रुपये घालायच्या आधी मुलाला काय आवडतं ते यातनं कळतं.

दिवाळीनंतर तिला घेऊन मिरजेला गेलो, अठ्ठेचाळीसेक किलोमीटर, बिनशब्दांचं पुस्तक पिशवीत. वळिवडे सुटलं आणि पंचगंगेचा पूल आला तशी तिनं पुस्तक उघडून खिडकीच्या गजाला टेकवलं, त्यातलं पुलाचं पान काढलं, आणि नदी संपेपर्यंत एकदा पानाकडं, एकदा बाहेर बघत राहिली. मग सगळा ऊस. पुस्तकात ऊस नाही, म्हणून तिनं तक्रार केली. धूर कुठाय, हेही विचारलं. आता आपल्या मार्गावर गाडी विजेवर चालते, डोक्यावर तार आहे, हे दाखवल्यावर घरी येऊन तिनं घडीच्या पुस्तकातल्या इंजिनावर पेन्सिलीनं तार ओढली. मी पुसली नाही.

परत येताना कोल्हापुरात उतरलो आणि ती फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली. तिथं रूळ संपतात, पुढं अडसर. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली ती इथपर्यंतच. वैभववाडीला, कोकणात न्यायचं बोलणं मी लहान असल्यापासनं ऐकतोय. तिनं विचारलं, "पप्पा, पुस्तकातलं रूळ कधी संपत नाहीत. मग हितं का संपलं?" खरंच, आमच्या पाचही पुस्तकांत रूळ पानाच्या एका कडेनं येतात आणि दुसऱ्या कडेनं जातात, शेवटचं स्टेशन कुणीच काढलेलं नाही. कोल्हापूरच्या पोराला गाडीचा प्रवास म्हणजे तिथनं निघणं आणि तिथंच येऊन थांबणं. मराठीत असं पुस्तक कुणी काढलं तर पहिली प्रत मी घेईन.

तोवर घडीच्या पुस्तकाला शेवटी एक पुठ्ठा जोडलाय, तोही कापडी टेपनं. त्यावर तिनं लाल खडूनं अडसर काढला आणि पलीकडं मम्मी उभी केलीय, हातात पिशवी घेऊन.