सीओआय बारकोड की अख्खा मायटोजीनोम? मांसमाशी ओळखताना काय निवडावं

मृतदेहावरून उचललेली अळी टेबलावर आली की पहिला प्रश्न प्रजातीचा. अळी किती वेगानं वाढते हे तापमानावर आणि प्रजातीवर ठरतं, त्यामुळे प्रजाती चुकली की मृत्यूला किती काळ झाला याचा हिशेबही चुकतो. त्यातून सार्कोफॅजिडी कुळातल्या मांसमाश्यांची आणखी एक भानगड आहे: या माश्या सहसा अंडी घालत नाहीत, थेट अळ्याच सोडतात. चमकत्या हिरव्या-निळ्या माश्यांसाठी धरलेला अंडी उबण्याचा काळ यांना लावला, तर उबदार हवेतही अर्ध्या-एक दिवसाचा घोळ तिथंच होतो.

डीएनएकडे वळण्याआधी सूक्ष्मदर्शकाचा विचार करा. पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी करडी-काळी नक्षी. या कुळातल्या सार्कोफॅगा वंशाच्या शेकडो प्रजाती अशाच दिसतात. खात्रीनं ओळखता येतो तो नर, त्याच्या जननेंद्रियांच्या आकारावरून. माशी ताजी असताना बारीक आकडीनं तो भाग बाहेर ओढून ठेवला, तर जाणकार काही मिनिटांत नाव सांगतो. तेव्हा हातात नर असेल आणि जाणकार उपलब्ध असेल, तर सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनए वाचण्याची, घाई नको. पण प्रकरणात येतात त्या बहुधा माद्या, अळ्या आणि रिकामे कोष. तिथं डीएनए लागतोच.

आता खरी निवड. सीओआय बारकोड म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या, स्वतःचा छोटा डीएनए असलेल्या भागातल्या) सीओआय या जनुकाचा 658 बेसचा, म्हणजे डीएनएच्या 658 अक्षरांचा, तुकडा. माशीचा एक पाय पुरतो आणि बाकीचा नमुना पुरावा म्हणून शाबूत राहतो. सँगर या, एका वेळी एकच तुकडा वाचणाऱ्या पद्धतीच्या एका वाचनात साधारण 700 ते 900 बेस मिळतात, म्हणजे अख्खा तुकडा एका दमात येतो. दोन्ही बाजूंनी वाचला की खात्री होते. जुन्या कोषात डीएनएचे तुकडे पडलेले असतील, तर शे-दीडशे बेसचा मिनी-बारकोडही चालून जातो. शिवाय तुलनेसाठी सर्वांत जास्त नोंदी याच तुकड्याच्या आहेत, आणि त्याच्या बाजूनं हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो.

मायटोजीनोम म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा अख्खा डीएनए: सगळे 15 ते 16 हजार बेस, 37 जनुकं. प्रजातींमधली नाती उलगडायला, किंवा आपल्या माश्यांसाठी नवे प्रायमर (हवा तो तुकडा वेचून काढणारे डीएनएचे छोटे धागे) कुठं बसवायचे हे शोधायला तो उत्तम. पण त्याला नव्या पिढीचं सिक्वेन्सिंग आणि वाचलेले तुकडे जोडण्याचं संगणकीय काम लागतं, आणि ज्यांचा मायटोजीनोम नोंदलेला आहे अशा प्रजाती अजून बारकोडच्या मानानं कमीच आहेत. पंधरा हजार बेस वाचले आणि जोडीला ठेवायला काही नाही, असं झालं तर काय उपयोग?

‘जास्त लांबी म्हणजे जास्त खात्री’ हा समज इथं अर्धाच खरा आहे. अगदी जवळच्या दोन प्रजातींत बारकोडमध्ये दोन-तीनच फरक दिसत असतील, तर सीओटू किंवा एनडी5 ही मायटोकॉन्ड्रियातलीच दुसरी जनुकं जोडल्यानं मदत होते. पण अख्खा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून एकगठ्ठा येतो. कधीकाळी संकर होऊन एका प्रजातीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरला असेल, तर 658 बेस जी चूक सांगतील तीच 15 हजार बेसही सांगतील, फक्त जास्त ठामपणे. हिरव्या माश्यांमध्ये, ल्युसिलिया कुप्रिना आणि सेरिकाटा या जोडीत, असा गोंधळ नोंदला गेला आहे. तिथं पेशीच्या केंद्रकातलं, म्हणजे आई-वडील दोघांकडून येणारं, 28एस जनुकच कामाला आलं. अशी शंका आली तर मायटोजीनोमवर पैसे घालण्याआधी केंद्रकातलं एखादं जनुक तपासा.

बारकोडच्याही खोड्या आहेतच. क्रोमॅटोग्रामवर (वाचनाच्या आलेखावर) एकाच जागी दोन शिखरं दिसली, किंवा जनुकाचा प्रथिनाच्या भाषेत अनुवाद करताना मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे ‘इथं थांब’ असा संकेत, आला, तर केंद्रकात जाऊन बसलेली मायटोकॉन्ड्रियाची जुनी नक्कल वाचली गेल्याची शक्यता असते. आणि डेटाबेसनं 98 टक्के जुळणी दाखवली म्हणून तेच नाव लिहून मोकळं होऊ नका. खरी प्रजाती त्यात नसेलच, तर शेजारची प्रजाती हसत पुढे येते. शिवाय एखाद्यानं मादीला अंदाजानं नाव देऊन सिक्वेन्स चढवलेला असेल, तर ती चूक तुमच्या अहवालात उतरते.

म्हणून रोजच्या प्रकरणांसाठी माझा कौल सीओआयला. उरलेला पैसा आपल्या परिसरातल्या, जाणकारानं ओळखलेल्या नर माश्यांचा संदर्भसंग्रह उभारण्यात घाला. मायटोजीनोम त्या संग्रहातल्या मोजक्या नमुन्यांसाठी ठेवा.

नमुने मात्र 95 टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्येच ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या अळीतून 658 बेसचा सलग तुकडा निघणं मुश्कील. अळीचा डीएनए काढताना आतडं बाजूला ठेवा, कारण तिनं खाल्लेल्या ऊतीचा डीएनए त्यात असतो. मृतदेह कोणाचा हे ठरवायला तो वेगळा उपयोगी पडू शकतो. आणि जमलं तर काही अळ्या जिवंत वाढवा. त्यातून नर बाहेर आला, तर बारकोडनं दिलेलं नाव सूक्ष्मदर्शकाखाली पडताळून घेता येईल.