गेलेल्या ४५,५०० पेक्षा आलेल्या १,३०० रुपयांनी जास्त छळलं

लिहायची लाज वाटते. पण धुणीभांडी आणि पोळ्यांची कामं करणाऱ्या आमच्या बायांच्या फोनवर मला फसवणारा ऑनलाइन टास्कच्या कामाचा मेसेज अजून फिरतोय, म्हणून लिहिते.

टास्कचं काम कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. हॉटेलांना स्टार द्यायचे, स्क्रीनशॉट टेलिग्रामवर टाकायचा. पहिले १५० रुपये आले. मग १,००० भरले, १,३०० परत आले. पुढे ५,००० भरले, मग १२,०००, आणि ‘तुमच्यामुळे सगळ्या ग्रुपचा टास्क अडकला’ म्हणत शेवटी २८,५००. हे शेवटचे बचत गटातून दोन टक्क्यांनी उचललेले. गटातल्या आणखी दोघींचे ६,००० आणि ११,२०० गेले ते वेगळेच.

त्या १,३०० चा मेसेज मी अजून उघडून बघते. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव नव्हतंच, एका पुरुषाचं नाव होतं. १५० आले होते ते कुणा बाईच्या नावाने. मजुरी देणारी कंपनी दर वेळी नव्या माणसाच्या खात्यातून पैसे कशाला पाठवेल? नाव समोर होतं आणि मी फक्त आकडा बघितला. ते पैसे माझ्यासारख्याच कुणा फसलेल्याचे होते. त्याने तक्रार केली, पैशाचा माग माझ्यापर्यंत आला आणि माझं खातं गोठवलं. चार घरांचा पगार त्यातच. येणाऱ्या प्रत्येक रुपयाचं नाव वाचा, बायांनो.

लोभ म्हणणाऱ्यांनी म्हणावं. गुडघे गेले, खाडा झाला की पैसे कापतात, एक काम सुटलं की भाडं थकतं. बसून करण्यासारखं काम शोधलं तर तो लोभ? आणि मला हे काम सांगणारी ओळखीचीच होती, तिला खरोखर पैसे मिळाले होते. म्हणूनच सांगते, कुणाला पैसे आले हा पुरावा धरू नका. काम देणारा आधी पैसे मागतो तिथेच फोन ठेवा.

आता पोलिसांचं ऐका. जवळच्या ठाण्यात म्हणाले, ऑनलाइनचं आहे, सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी आधार कार्ड बघितलं. पत्ता जालना जिल्ह्यातला, म्हणून गावी तक्रार द्यायला सांगितलं! पोटासाठी शहरात आलेल्या बाईने तक्रार द्यायला चार घरांची कामं बुडवून गावी जायचं का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे मला एका वकीलताईंनी सांगितलं, तिथे बसलेल्या साहेबाने नाही. तो विचारत होता, ‘शिकलेल्या नाहीत तर कशाला करता ऑनलाइन?’ फसवणारा मोकळा आणि बोलणी मला.

बँकेचं त्याहून वाईट. परराज्यातल्या पोलिसांचा आदेश आहे, त्यांच्याशी बोला, एवढंच म्हणून तक्रार क्रमांकाची चिठ्ठी हातात दिली. तिकडचा फोन कुणी उचलत नाही. वाद १,३०० चा आणि अडवलेले सगळे पैसे! केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच म्हटलंय की पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच खातं अडवावं. तुमच्यावर ही वेळ आली तर तेवढीच रक्कम अडवा असा लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, घरी काय सांगायचं ते नंतर ठरवा. फसवणारे ते पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात भराभर सरकवतात, मी संध्याकाळपर्यंत रडत बसले तेवढ्यात पुढे गेले. स्क्रीनशॉट पुसू नका, ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळं साठवून घ्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि ‘तुमचं खातं वापरू द्या, महिन्याला भाडं देतो’ म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका, पोलीस त्याच्याकडे नाही, तुमच्याकडे येतील.

माझा अर्ज बँकेत पडून आहे. तीन घरं रोख देतात, चौथ्या घरच्या वहिनींना अजून सांगायचं राहिलंय. गटाचं व्याज दर महिन्याला ५७० रुपये चालूच आहे.