रॉयल ऑपेरा हाऊस: झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाचा अभिप्राय

गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊसविषयी आमच्याकडच्या मंडळींना सांगायचे, तर प्रथम हे सांगावे लागेल की तेथील प्रयोगाइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, ती वास्तू पाहण्यासारखी आहे आणि तिकिटाचे निम्मे पैसे तिच्याच नावावर मांडावेत. आमच्याकडे म्हणजे पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजच्या पट्ट्यात, जिथे धानाची मळणी आटोपली की गावोगावी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात आणि पटाच्या रात्री शामियान्यात सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते. नाटकाच्या बाबतीत येथला शेतकरी नवखा नसतो. तेव्हा मुंबईच्या उच्चभ्रू समाजाचे हे जुने करमणुकीचे ठिकाण त्याच्या नजरेने पारखून पाहण्यास हरकत नाही.

कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीची पेढी चालवणारे जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी हे नाट्यगृह उभारले. १९११ मध्ये राजा पाचवा जॉर्ज याच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम अजून सुरूच होते. ते पुढच्या वर्षी पुरे झाले. कोळशाच्या दलालीत हात काळे होतात असे म्हणतात, पण या दलालीतून भिंतींवर सोनेरी नक्षी उठली आहे. युरोपातील बरोक शैलीची ती नक्षी, झुंबरे आणि आठ भागांत विभागलेला घुमट पाहताना मान दुखू लागते. प्रयोगापूर्वी अर्धा तास आधी पोहोचावे, असे मी सुचवतो ते याचसाठी.

अशा नाट्यगृहांतील ‘बॉक्स’ हा प्रकार मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. बाजूच्या भिंतीला लागून असलेल्या या छोट्या खासगी सज्जांतून रंगमंच तिरपा दिसतो, पण सज्जात कोण बसले आहे हे साऱ्या सभागृहाला सरळ दिसते. म्हणजे सर्वांत मानाची जागा ही पाहण्यापेक्षा दिसण्यासाठी अधिक सोयीची. गव्हर्नर, संस्थानिक, गिरणीमालक यांच्या काळात मुंबईचा बडा समाज संध्याकाळी जिथे एकत्र येई, तिथे कोणाच्या शेजारी कोण बसले आणि कोणाशी कोण बोलले, यालाही नाटकाइतकेच महत्त्व होते. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. आमच्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावजत्रेला, आणि पटाला पाहुणे येतात, पुढच्या खुर्च्या कोणाला द्यायच्या यावरून आयोजकांची तारांबळ उडते, आणि तिसरा अंक रंगात आलेला असताना मंडपामागे चहाच्या टपरीवर सोयरिकीची बोलणी सुरू असतात. फरक इतकाच की मुंबईच्या मध्यंतरात हे सारे हलक्या आवाजात आणि अत्तराच्या वासात चालते.

ही वास्तू केवळ साहेबांची राहिली नाही, ही गोष्ट मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावी. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ येथे गायले, पृथ्वीराज कपूर यांनी येथे नाटके केली. पुढे चित्रपटांनी ही जागा व्यापली. १९५२ मध्ये ती गोंडलच्या महाराजांनी विकत घेतली आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि पुढच्याच वर्षी त्या कामाला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. जुने पाडून काचेचा मनोरा उभारण्याच्या या शहरात एका घराण्याने हा खर्च सोसला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

सभागृह ५७५ आसनांचे, म्हणजे आमच्या एखाद्या मोठ्या मंडपाच्या तुलनेत लहानच. त्याचा लाभ आवाजाला होतो. शेवटच्या रांगेतही सूर स्वच्छ पोहोचतो, अशी या वास्तूची पहिल्यापासून ख्याती आहे. म्हणून महागड्या तिकिटाचा मोह टाळून बाल्कनीतील मधली जागा घ्यावी, तेथून घुमटही जवळून दिसतो. कार्यक्रम निवडताना विनोदी एकपात्रीपेक्षा गायनाला किंवा वाद्यवृंदाला प्राधान्य द्यावे, कारण ध्वनिक्षेपकाच्या भरवशावर चालणारा कार्यक्रम कोठेही ऐकता येतो. आपल्याकडची ‘वन्स मोर’ची आरोळी मात्र घरी ठेवून जावे, पाश्चात्य अभिजात संगीताच्या मैफलीत एकाच रचनेच्या दोन भागांच्या मध्ये टाळीसुद्धा वाजवत नाहीत. कपडे स्वच्छ आणि नेटके असले म्हणजे पुरे.

रात्रभराच्या नाटकाची सवय असलेल्या माणसाला दोन-अडीच तासांत पडदा पडणे फार तोकडे वाटते, आणि एवढ्यासाठी गोंदियाहून मुंबई गाठावी का, हा प्रश्न रास्त आहे. केवळ कार्यक्रमासाठी जाऊ नये. दवाखाना, मंत्रालय किंवा लेकीचे घर अशा निमित्ताने मुंबईत असाल, तर एक संध्याकाळ अवश्य राखून ठेवावी. चर्नी रोड स्थानकावरून पायी जाता येते. परतीची विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते, त्यामुळे त्या रात्रीच्या मुक्कामाची सोय आधी करावी आणि मगच तिकीट काढावे.