कॅमेरा आमचा, मालक तो

"ताई, काकूंना सांगा, काल रात्री मागचं दार साडेदहापर्यंत उघडंच होतं. त्यापेक्षा दाराला एक सेन्सर लावून घेऊ, अडीच हजारात होईल."

बरं म्हणून मी फोन ठेवला. चहा गाळायला घेतला आणि गाळणं हातात असतानाच डोक्यात आलं, याला कसं कळलं?

आमचं घर देवरुखजवळ. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी, मी ठाण्याला आणि भाऊ बंगळुरूला. 2023 च्या पावसात ती मोरीत घसरली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. त्या दिवाळीत आम्ही कॅमेरे लावले. लावणारा गावातलाच, दाराचा फोन करणारा तोच. बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, गणपतीत आमच्याकडे आरतीला येणार, आईला काकू म्हणणार. पडवीत एक, मागे विहिरीकडे एक, माजघरात एक असे तीन वायफाय कॅमेरे. चित्रण साठवायची मेमरी कार्डं, ॲडॅप्टर, लावणावळ धरून साडेअकरा हजार. वर 'सर्व्हिस आणि क्लाऊड'चे, म्हणजे चित्रण कंपनीच्या सर्व्हरवरही साठवायचे म्हणून, वर्षाला चोवीसशे. माझ्या फोनवर ॲप टाकून त्यानं काहीतरी दाबलं आणि पडवी दिसायला लागली. सकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या आई तुळशीला पाणी घालताना दिसतेय म्हटल्यावर पुढे काही विचारायचं मला सुचलंच नाही.

आईला सुचलं होतं. माजघरातला कॅमेरा गोल डोक्याचा, मान फिरवणारा. ती त्यावर माझं लहानपणीचं टोपडं घालून ठेवायची. "अगो, तो डोळा मिटत नाही कधी," म्हणायची. मी फोनवरून चिडायचे, "एवढे पैसे घालून लावलाय, काढ ते!" बिचारी काढायची, दोन दिवसांनी पुन्हा घालायची. ही भांडणं आता आठवली की मान खाली जाते.

खरं म्हणजे जाग ऑगस्टमध्येच यायला हवी होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये विहिरीवरच्या पंपाची केबल कोणीतरी कापून नेली. तांब्याला भाव आहे. मागचा कॅमेरा थेट विहिरीकडे रोखलेला, म्हणून मी निर्धास्त. ॲपमध्ये टाइमलाइन उघडली, तारखा सगळ्या होत्या, पण बोट ठेवलं की नुसती चकरी फिरायची. जेमतेम आदल्या दिवसाचं काय ते चालत होतं. त्याला फोन केला तर म्हणाला, "पावसात सिग्नल जातो ताई." कोकणात पावसाच्या नावावर काहीही खपतं.

दाराच्या फोननंतर मात्र मी शनिवारी गाडी पकडली. भाऊही आला. आधी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. वर छापलेलं 128 जीबी, लॅपटॉपही 128 च दाखवत होता. भावानं ते मोठ्या फायलींनी गच्च भरलं आणि परत वाचून बघितलं, तर जेमतेम 8 जीबी धड, बाकी सगळा कचरा. अशी कार्डं बाजारात सर्रास मिळतात. आत चिप छोटी असते आणि आकडा मोठा सांगायला तिला शिकवलेलं असतं. जागा संपली की ती गुपचूप जुन्यावर नवं लिहीत जाते. हिशोब करून बघा. कॅमेरा सेकंदाला 1 मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला साधारण 11 जीबी होतात. खऱ्या 128 मध्ये अकरा-बारा दिवस मावले असते, आमच्यात एक दिवससुद्धा मावत नव्हता.

मग मालकीचं प्रकरण. वायफाय कॅमेरा घरातल्या राउटरवरून बाहेर, कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असतो. ॲपमध्ये ज्याच्या खात्यावर तो आधी चढतो, त्याला कंपनी मालक धरते. पैसे कोणी दिले, भिंत कोणाची, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आमच्या कॅमेऱ्यांच्या पाठीवरचा क्यूआर कोड त्यानं स्वतःच्या फोनवर स्कॅन केला होता आणि मला पाहुणी म्हणून आत घेतलं होतं. ॲपमध्ये नावाखाली बारीक अक्षरांत 'शेअर्ड' असं दोन वर्षं लिहिलेलं होतं. मला वाटायचं, माझा नि भावाचा मिळून आहे म्हणून शेअर्ड! त्याला आमच्या घराजवळ फिरकायचीही गरज नव्हती. दुकानात बसून तो माजघर बघू शकत होता, कॅमेऱ्याची मान फिरवू शकत होता, आतलं बोलणं ऐकू शकत होता.

दुकानात गेलो तेव्हा मला वाटलं होतं तो गडबडेल. छे. त्यानं स्वतःच फोन पुढे केला. "सगळ्यांचे माझ्याकडेच असतात, ताई. लोकांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, मग मलाच फोन करतात." ॲपमध्ये यादी होती आणि ती संपेचना. डॉक्टर गेट. मास्तर किचन. वहिनी हॉल. काकू माजघर. प्रत्येक नावापुढे एक छोटं चौकोनी चित्र, कोणाच्या तरी घरातलं. एका चित्रात जमिनीवर मूल झोपलं होतं. क्लाऊडचं पान उघडायला लावलं तर आमच्या कॅमेऱ्यांवर कुठलाच प्लॅन नव्हता, कधी घेतलेलाच नव्हता. दोन वर्षांचे अठ्ठेचाळीसशे कशाचे, यावर तो म्हणाला, "सर्व्हिसचे." त्याच्या मनात वाईट होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं स्त्रियांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं, त्यात पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. ती बातमी वाचलेली असल्यावर "तो तसा मुलगा नाही" एवढ्यावर कोणाला झोप लागेल?

रागाच्या भरात भावानं आदल्या रात्रीच पिन खुपसून तिन्ही कॅमेरे रीसेट केले होते. पडवीतला वेगळ्या कंपनीचा, तो सुटला. बाकी दोघे म्हणाले, हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे, आणि खाली चांदण्यांत झाकलेला एक नंबर, शेवटचे आकडे त्याचेच. काही कंपन्यांचे कॅमेरे असेच असतात. पिन टोचली तरी सर्व्हरवरची मालकी हलत नाही. मालकानं स्वतः काढलं तर सुटतं, नाहीतर कंपनीला बिल आणि सीरियल नंबर पाठवायचा. आमच्याकडे बिल म्हणजे वहीच्या पानावरची चिठ्ठी, 'कॅमेरा 3 नग'. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला तर तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच.

पोलीस ठाण्यात आधी "काही व्हिडिओ बाहेर आलाय का?" असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला. तरी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. ती पोच त्याला दाखवल्यावर त्यानं आमच्यासमोर दोन्ही कॅमेरे स्वतःच्या खात्यातून काढले आणि एका वर्षाचे चोवीसशे परत केले. दुसऱ्या वर्षाचे आणि केबलचे गेले ते गेलेच.

एप्रिल 2025 पासून नव्या कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेची सरकारमान्य चाचणी सक्तीची झाली आहे. चांगलंच आहे, पण लावणाऱ्यानं आपल्या खात्यावर चढवला तर ती चाचणी तरी काय करणार? म्हणून कॅमेरा लावताना स्कॅन तुमच्या फोनवरून, तुमच्या ईमेलवर करा, माणूस शिडीवर असला तरी थांबवा. पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. तो गेला की वायफायचा पासवर्ड बदला, कारण तोही त्याला सांगितलेला असतो. आणि आजच ॲप उघडून नावाखाली काय लिहिलंय ते वाचा. कॅमेरा काढून टाकण्याचा किंवा दुसऱ्याला शेअर करण्याचा पर्याय तुम्हाला दिसतच नसेल, तर तुम्ही पाहुणे आहात.

पडवीतला आणि विहिरीकडचा आता माझ्या खात्यावर आहेत. माजघरातला काढला. त्याऐवजी आई रात्री नऊला मिस्ड कॉल देते.

निघायच्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांच्याकडेही त्याचाच कॅमेरा, स्वयंपाकघरात, सून कामाला जाते म्हणून बाळावर लक्ष ठेवायला. "आमच्यात काही नाही हो तसलं," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी ॲप उघडलं आणि काही न बोलता अक्षरं मोठी करून त्यांना दाखवली.